जाहिरात केली नसती तर किती खपले असते?

दिवाळीनंतरच्या आठवड्यात बहुतेक कंपन्यांत एक बैठक होते. मार्केटिंग विभाग सांगतो की यंदा जाहिरातीवर अमुक लाख खर्च केले आणि विक्री गेल्या दिवाळीपेक्षा तीस टक्क्यांनी वाढली. विक्री विभाग म्हणतो की वाढ झाली ती नवीन दुकाने जोडल्यामुळे. हिशेब विभाग विचारतो की विक्री एवढी वाढली, तर नफा जागच्या जागी का? तिघांच्या हातातले आकडे खरे असतात, आणि तरीही मालकाला हवे असलेले उत्तर त्यांपैकी एकाही कागदावर नसते.

ते उत्तर एका साध्या प्रश्नाचे आहे. हाच माल, हाच भाव, हीच दुकाने आणि हाच सण असताना जाहिरात केलीच नसती, तर किती विक्री झाली असती? प्रत्यक्ष विक्रीतून ही कल्पित विक्री वजा केली की जे उरते, तेवढेच मार्केटिंगचे खरे योगदान. अडचण अशी की वजाबाकीतला पहिला आकडा बिलांवर सापडतो आणि दुसरा कुठेच सापडत नाही, कारण तसे काही घडलेलेच नसते. मार्केटिंग मोजण्याच्या साऱ्या पद्धती, त्यांतली अवघड गणिते आणि महागडी सॉफ्टवेअर, हा न दिसणारा दुसरा आकडा शक्य तितक्या प्रामाणिकपणे काढण्यासाठी असतात. कोणताही अहवाल समोर आला की त्यात हा दुसरा आकडा कसा काढला आहे, हे आधी पाहावे. तो काढलेलाच नसेल, तर अहवालात विक्रीची नोंद आहे, योगदानाचे मोजमाप नाही.

ईबेने जाहिरात बंद करून पाहिली

या विषयातले मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण अमेरिकेतले आहे. ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची मोठी कंपनी गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधपानांवर जाहिराती देत असे. कोणी शोधपेटीत काही शब्द टाकले की निकालांच्या वर ईबेची जाहिरात दिसायची आणि तिच्यावर क्लिक झाले की ईबेला पैसे मोजावे लागायचे. कंपनीकडे प्रत्येक क्लिकचा आणि त्यानंतरच्या खरेदीचा हिशेब होता, आणि त्या हिशेबानुसार या जाहिराती भरघोस परतावा देत होत्या.

कंपनीतल्या अर्थतज्ज्ञांना मात्र शंका आली. ज्या माणसाने शोधपेटीत ‘ईबे’ हाच शब्द टाकला आहे, त्याला ईबेवरच जायचे आहे. जाहिरातीखालीच ईबेचा फुकटचा दुवा असतो. जाहिरात नसती तर त्याने त्या दुव्यावर क्लिक केले नसते का? मार्च २०१२ मध्ये त्यांनी याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधपानांवर स्वतःच्या नावासाठीच्या जाहिराती बंद केल्या आणि तुलनेसाठी गूगलवरच्या चालू ठेवल्या. जाहिराती बंद झाल्यावर त्यांच्यावरचे क्लिक अर्थातच थांबले, पण त्यांपैकी ९९.५ टक्के क्लिक फुकटच्या दुव्यावरून परत आले. म्हणजे कंपनी जे गिऱ्हाईक विकत घेत होती, ते आधीपासून तिच्याच दारात उभे होते.

यावर कोणी म्हणेल की स्वतःच्या नावाची जाहिरात ही वेगळी गोष्ट झाली, पण ‘गिटार’ किंवा ‘जुना कॅमेरा’ असे शोधणाऱ्याला जाहिरातीशिवाय ईबे कसे आठवणार? म्हणून दुसरा प्रयोग झाला. अमेरिकेची दूरचित्रवाणी बाजारपेठेनुसार २१० विभागांत विभागणी केलेली आहे. त्यांपैकी सुमारे ३० टक्के विभागांत गूगलवरच्या अशा जाहिराती ६० दिवस बंद ठेवल्या आणि बाकीच्या विभागांत चालू ठेवल्या. दोन्हीकडच्या विक्रीत पडलेला फरक इतका किरकोळ होता की तो शून्यापेक्षा वेगळा आहे असे ठामपणे म्हणता आले नाही. टॉम ब्लेक, ख्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी या प्रयोगांवर लिहिलेला निबंध २०१५ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात आला.

या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. संशोधकांनी ग्राहक वेगवेगळे करून पाहिले, तेव्हा ज्यांनी ईबेवर कधीच काही घेतले नव्हते किंवा क्वचितच घेतले होते, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम स्पष्ट दिसला. जाहिरातीचे काम माहिती देणे हे असते, आणि ज्याला दुकान माहीत नाही त्यालाच ती माहिती उपयोगी पडते. ईबेचा बहुतेक पैसा मात्र नेहमीच्या ग्राहकांवर जात होता, कारण क्लिकही तेच अधिक करत होते. त्यामुळे ‘शोधपानावरच्या जाहिराती कुचकामी असतात’ असा या प्रयोगाचा अर्थ लावणे चुकीचे आहे. घरोघरी नाव पोचलेल्या कंपनीला जे लागू पडते, ते काल सुरू झालेल्या कंपनीला उलटेच लागू पडू शकते.

श्रेय कोणाचे?

एसटी स्टँडवर गाडी सुटण्याच्या वेळी दाराशी उभा राहून कोणीतरी ‘पुणे, पुणे’ अशी हाळी देतो. समजा, त्याने गाडीत चढलेल्या प्रत्येक प्रवाशाची नोंद आपल्या नावावर केली. नोंद खोटी नाही, कारण प्रत्येक प्रवासी त्याच्या समोरूनच चढला आहे. पण त्यांतल्या बहुतेकांनी तिकीट आधीच काढलेले होते, काही तासभर त्याच गाडीची वाट पाहत बसले होते, आणि हाळी ऐकून पुण्याला जायचे ठरवले असा प्रवासी क्वचितच निघेल. एखादा मात्र नक्की निघेल, ज्याला फलक वाचता आला नव्हता आणि ज्याची गाडी हाळीमुळे चुकली नाही. हाळी देणाऱ्याचे योगदान तेवढ्या एका प्रवाशाइतके आहे.

डिजिटल जाहिरातींचे श्रेय वाटण्याची जी पद्धत आजही सर्रास चालते, ती या नोंदीसारखी आहे. खरेदीच्या आधी शेवटचे क्लिक ज्या जाहिरातीवर झाले, तिला पूर्ण श्रेय दिले जाते. ठाण्यातल्या एका बाईंनी लोकल स्टेशनबाहेर होर्डिंग पाहिले, मैत्रिणीकडून वस्तूची तारीफ ऐकली, इन्स्टाग्रामवर तिचा व्हिडिओ पाहिला आणि महिन्याभराने गूगलवर नाव टाकून ती मागवली, तर हिशेबात फक्त गूगलची जाहिरात दिसते. श्रेय सगळ्या टप्प्यांत वाटून देणाऱ्या पद्धतीही आहेत, पण त्याही दिसलेल्या क्लिकांचीच वाटणी करतात. होर्डिंग आणि मैत्रीण त्यांच्या यादीत येतच नाहीत, आणि त्या बाईंनी जाहिरात नसतानाही वस्तू घेतली असती का, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

यातून आणखी एक घोटाळा होतो. प्रत्येक जाहिरात माध्यम आपापला हिशेब आपणच देते. शंभर ऑर्डर आल्या असतील, तर एका माध्यमाच्या डॅशबोर्डवर, म्हणजे त्याच्या आकडे दाखवणाऱ्या पानावर, साठ दिसतात, दुसऱ्याच्या पंचावन्न आणि कुपन वाटणाऱ्याच्या तीस. बेरीज एकशे पंचेचाळीस होते, कारण एकच ऑर्डर तिघांच्या खात्यावर मांडलेली असते. असा कागद समोर आला की बेरजेची तुलना प्रत्यक्ष बिलांशी करणे एवढी एकच गोष्ट आधी करावी. दरम्यान, ग्राहकाचा माग काढणेही अवघड होत चालले आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवरच्या ॲपना असा माग काढण्यासाठी वापरकर्त्याची परवानगी घेणे बंधनकारक केले. आपल्याकडे बहुसंख्य फोन अँड्रॉइड असल्याने तो धक्का कमी बसला. पण आपल्याकडची मोठी अडचण वेगळीच आहे. जाहिरात मोबाइलवर दिसते आणि खरेदी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात होते, आणि या दोन गोष्टी जोडणारा धागा कोणत्याही डॅशबोर्डमध्ये नसतो.

नाशिक आणि अहिल्यानगरचा हिशेब

आता एक कल्पित उदाहरण रुपयांत सोडवून पाहू. समजा, चकलीची आणि थालिपिठाची भाजणी विकणारी एक मध्यम कंपनी आहे. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तिने नाशिक जिल्ह्यात होर्डिंग, एफएम रेडिओ, चित्रपटगृहे आणि वर्तमानपत्राची स्थानिक आवृत्ती यांवर ३ लाख रुपये खर्च केले. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मुद्दाम काहीच केले नाही. माध्यमे अशी निवडली की जाहिरात जिल्ह्याबाहेर फारशी सांडणार नाही, कारण मराठी वाहिनीवर दिली असती तर ती दोन्ही जिल्ह्यांत दिसली असती आणि तुलनाच उरली नसती.

गेल्या दिवाळीच्या महिन्यात नाशिकमध्ये ४० लाखांची विक्री झाली होती, यंदा ५२ लाखांची झाली. मार्केटिंग विभागाच्या कागदावर १२ लाखांची वाढ दिसते, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे चार रुपये. पण जाहिरात नसलेल्या अहिल्यानगरमध्येही विक्री ३० लाखांवरून ३६ लाखांवर गेली आहे. तिथली २० टक्क्यांची वाढ भाववाढीमुळे, नव्या दुकानांमुळे किंवा लोकांनी घरी भाजणी करणे कमी केल्यामुळे झाली असेल, पण जाहिरातीमुळे नक्कीच नाही. तीच वाढ नाशिकलाही झाली असती असे धरले, तर जाहिरातीशिवाय तिथे ४८ लाख खपले असते. जाहिरातीचे योगदान १२ लाख नव्हे, ४ लाख.

हिशेब इथे थांबत नाही, कारण विक्री म्हणजे नफा नव्हे. माल जितका जास्त खपेल तितके धान्य, दळण, पॅकिंग, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशन वाढते. हे सगळे वजा जाता कंपनीच्या हाती शंभर रुपयांमागे ३५ रुपये उरतात असे धरू. चार लाखांच्या जादा विक्रीतून उरले १ लाख ४० हजार आणि खर्च झाले ३ लाख. या दिवाळीपुरते पाहिले, तर जाहिरातीत १ लाख ६० हजारांचा तोटा आहे. बैठकीत नफा जागच्या जागी का, असे हिशेब विभाग विचारत होता, त्याचे उत्तर इथे सापडते.

मग जाहिरात वाया गेली का? तसे लगेच म्हणता येत नाही. जाहिरातीमुळे ज्यांनी पहिल्यांदाच हे पाकीट घरी नेले, त्यांतली काही घरे वर्षभर थालिपिठाची भाजणी घेत राहतील. एक पाकीट ८० रुपयांचे आणि एक घर वर्षाला सहा पाकिटे घेते असे धरले, तर एका घराकडून वर्षात ४८० रुपयांची विक्री होते आणि त्यातले १६८ रुपये कंपनीच्या हाती उरतात. १ लाख ६० हजारांची तूट भरून काढायला साधारण साडेनऊशे घरे टिकायला हवीत. आठशे टिकली तर जाहिरात तोट्याची, हजार टिकली तर फायद्याची. आता मालकाने कोणती गोष्ट मोजायला हवी, ते नेमके कळते. किती लोकांनी होर्डिंग पाहिले यापेक्षा पाकीट दुसऱ्यांदा घेणारी घरे किती, हा त्याच्या कामाचा आकडा आहे. तो पाकिटातल्या कुपनावरून, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींवरून किंवा चार-पाचशे घरांना सहा महिन्यांनी फोन करून बऱ्यापैकी काढता येतो.

या उदाहरणात एक दुबळी जागा मी मुद्दाम ठेवली आहे. दोन जिल्ह्यांची एक जोडी पुरेशी नसते. अहिल्यानगरमध्ये ऐन दिवाळीत पाऊस झाला, किंवा नाशिकमध्ये स्पर्धक कंपनीचा माल दोन आठवडे आलाच नाही, तर सगळी तुलना बिघडते. म्हणून प्रत्यक्षात अनेक तालुके किंवा पिनकोड घ्यावेत, कुठे जाहिरात करायची आणि कुठे नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, आणि आधीच्या वर्षभरात दोन्ही गटांची विक्री हातात हात घालून चालत होती का, हे तपासून घ्यावे. चिठ्ठ्या टाकण्याला महत्त्व आहे. निवड माणसाने केली की जिथे माल आधीच चांगला खपतो तिथे जाहिरात करण्याचा मोह होतो, आणि मग चांगल्या बाजारपेठेचे श्रेय जाहिरातीला मिळते.

आकडे गोंगाटात का हरवतात

एवढे करूनही उत्तर धूसर येते, आणि त्यात मोजणाऱ्याचा दोष नसतो. रँडल लुईस आणि जस्टिन राव या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मोठ्या विक्रेत्यांच्या आणि शेअर दलालांच्या २५ प्रयोगांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. हे प्रयोग लाखो ग्राहकांवर झाले होते, तरीही जाहिरात फायद्याची की तोट्याची हे त्यांतल्या अनेकांतून स्पष्ट झाले नाही. कारण समजायला सोपे आहे. कोणत्याही आठवड्यात बहुतेक लोक एखाद्या दुकानातून काहीच घेत नाहीत आणि थोडे लोक खूप घेतात. माणसामाणसांतला हा चढउतार सरासरी खरेदीच्या दहापट असतो, आणि जाहिरातीने एका माणसामागे पडणारा फरक काही पैशांचा असतो. नदीला पूर आलेला असताना त्यात आपण ओतलेली घागर शोधण्यासारखे हे काम आहे.

मग प्रयोग न करता, ज्यांना जाहिरात दिसली आणि ज्यांना दिसली नाही त्यांची तुलना करून काम भागेल का? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ब्रेट गॉर्डन आणि फ्लोरियन झेटलमायर यांनी फेसबुकमधल्या सहकाऱ्यांबरोबर हे तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकेतल्या १५ जाहिरात मोहिमांचे खरे प्रयोग त्यांच्यापुढे होते. त्याच मोहिमांवर त्यांनी प्रयोगाविना चालणाऱ्या प्रचलित पद्धती लावून पाहिल्या, तेव्हा उत्तरे खऱ्या परिणामापासून बरीच लांब गेली आणि बहुतेकदा परिणाम फुगवून दाखवणारी निघाली. जाहिरात कोणाला दाखवायची हे यंत्रणा ठरवते आणि ती खरेदी करण्याची शक्यता असलेल्यांनाच निवडते. त्यामुळे पाहिलेले आणि न पाहिलेले लोक मुळातच वेगळे असतात. वय, शहर आणि आवडीनिवडी जुळवून हा फरक पुसता येत नाही.

पंचांग आणि मॉडेल

ज्या कंपन्यांना जागोजागी जाहिरात बंद करणे परवडत नाही, त्या मार्केटिंग मिक्स मॉडेल वापरतात. दोन-तीन वर्षांची दर आठवड्याची विक्री घेतात, तिच्याशेजारी भाव, सवलत, दुकानांची संख्या, पाऊस, सण आणि प्रत्येक माध्यमावरचा खर्च मांडतात, आणि विक्रीतल्या चढउतारातला कोणता भाग कशामुळे आला असावा हे संख्याशास्त्राने वेगळे करतात. एका माणसाचा माग काढावा लागत नाही, म्हणून टीव्ही, होर्डिंग आणि किराणा दुकानांच्या बाजारात ही पद्धत सोयीची पडते. फेसबुकची मूळ कंपनी मेटा हिचे ‘रॉबिन’ आणि गूगलचे ‘मेरिडियन’ ही अशी मॉडेल बांधण्याची साधने फुकट मिळतात आणि त्यांचा कोड खुला आहे. दोन्ही कंपन्या जाहिरातीची जागा विकतात हे वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे आणि कोड जाणकाराकडून तपासून घ्यावा.

या मॉडेलमधल्या दोन कल्पना समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की जाहिरात मुरते. आज पाहिलेली जाहिरात पुढच्या आठवड्यात सगळी पुसली जात नाही. ब्रिटिश जाहिरात संशोधक सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९ मध्ये या उरलेल्या प्रभावाला ‘ॲडस्टॉक’ असे नाव दिले. दर आठवड्याला ७० टक्के प्रभाव उरतो असे धरले, तर १०० चे ७०, मग ४९, मग ३४ असे होत जाते, म्हणजे जाहिरात थांबल्यावरही महिनाभर तिचा उपयोग चालू असतो. त्यामुळे खर्च झाला त्याच आठवड्यातली विक्री पाहून निकाल देणारा चुकतो.

दुसरी कल्पना अशी की प्रत्येक लाख सारखे काम करत नाही. समजा, पहिल्या लाखाने दोन लाख हाती आले, दुसऱ्याने एक लाख दहा हजार आणि तिसऱ्याने फक्त चाळीस हजार. एकूण पाहिले तर तीन लाखांत साडेतीन लाख मिळाले आणि सगळे ठीक वाटते. पण तिसऱ्या लाखात साठ हजारांचा तोटा झाला आहे. सरासरी परतावा चांगला म्हणून बजेट वाढवणे ही या क्षेत्रात सर्वांत जास्त पैसे घालवणारी चूक आहे असे माझे मत आहे. विचारायचे ते शेवटच्या लाखाबद्दल.

मॉडेलची मोठी कमजोरी अशी की कंपन्या जाहिरात करतात तेव्हाच मागणीही वाढलेली असते. दरवर्षी दिवाळीतच जाहिरात केली, तर दिवाळी कोणती आणि जाहिरात कोणती हे गणिताला सांगता येत नाही. त्यात इंग्रजी महिन्यांचा हिशेब आपल्या सणांना बसत नाही. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला आले आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ऑक्टोबर २०२५ ची तुलना कोणी ऑक्टोबर २०२३ शी केली, तर भाजणीपासून सोन्यापर्यंत कुठल्याही वस्तूची विक्री उसळलेली दिसेल आणि त्या महिन्यात चालू असलेली जाहिरात नावाजली जाईल. आपल्या बाजाराचे मॉडेल बांधताना गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती, पितृपक्ष, दसरा आणि दिवाळी यांच्या तिथी आठवड्यानिशी भरणे हे पहिले काम आहे. पितृपक्ष विसरला, तर त्या पंधरवड्यातली मंदी एखाद्या निरपराध जाहिरातीच्या माथी येते.

आणखी एक सापळा विक्रीच्या व्याख्येतच आहे. कंपनीने वितरकाला माल दिला की तिच्या वहीत विक्री होते, तिला प्रायमरी म्हणतात. वितरकाकडून दुकानदाराकडे गेलेला माल म्हणजे सेकंडरी. मार्चअखेर टार्गेट गाठण्यासाठी वितरकाला स्कीम दिली की प्रायमरी उसळते, गोदाम भरते, आणि एप्रिल-मेमध्ये ऑर्डर आटतात. या आकड्यांवर मॉडेल बांधले, तर मार्चमधल्या जाहिरातीला शाबासकी आणि एप्रिलमधल्या जाहिरातीला ठपका मिळतो, आणि दोन्ही अन्यायाचे असतात. मोजमाप गिऱ्हाइकाच्या जितके जवळ नेता येईल तितके न्यावे, निदान सेकंडरीपर्यंत तरी.

उशिरा येणारे फळ

मार्केटिंगची माणसे अनेकदा म्हणतात की आमच्या कामाचे फळ वर्षांनी दिसते, आजच्या विक्रीत शोधू नका. त्यात तथ्य आहे, पण ही ढाल म्हणूनही वापरली जाते. अमेरिकेत लेनर्ड लॉडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केबल टीव्हीवरच्या प्रयोगांतून याची तपासणी केली होती. एकाच शहरातल्या घरांचे दोन गट करून त्यांना केबलवरून वेगवेगळ्या प्रमाणात जाहिराती दाखवल्या आणि त्या घरांची खरेदी दुकानात नोंदवली. १९९५ मध्ये त्यांनी अशा ५५ प्रयोगांतून मांडले की ज्या जाहिरातीचा परिणाम पहिल्या वर्षी दिसला, तिचा परिणाम पुढच्या दोन वर्षांत मिळून साधारण दुप्पट झाला, आणि जिचा पहिल्या वर्षी काहीच दिसला नाही, तिचा नंतरही दिसला नाही. पॅकबंद मालाच्या बाजारातला हा निष्कर्ष सगळीकडे जसाच्या तसा लावू नये, पण ‘थांबा, फळ येईल’ असे वर्षभर ऐकणाऱ्या मालकाने तो लक्षात ठेवावा.

दीर्घ परिणामाबद्दल गोंधळ होण्यामागे हिशेबाचे नियमही आहेत. भारतीय लेखा मानक ३८ नुसार जाहिरातीचा खर्च त्या त्या वर्षी खर्च म्हणूनच लिहावा लागतो, मालमत्ता म्हणून नाही. यंत्र घेतले तर त्याची किंमत अनेक वर्षांवर पसरते, जाहिरात मात्र पहिल्याच वर्षी पूर्ण नफ्यातून कापली जाते, तिचा उपयोग पाच वर्षे झाला तरी. स्वतः घडवलेला ब्रँड ताळेबंदात येत नाही, विकत घेतलेला येतो. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये हॉर्लिक्स हा ब्रँड ३,०४५ कोटी रुपयांना घेतला आणि तो तिच्या पुस्तकात मालमत्ता झाला. त्याच कंपनीने अनेक दशके स्वतः घडवलेली सर्फसारखी नावे तशी तिथे दिसत नाहीत. नियमामागचे कारण रास्त आहे, कारण स्वतःच्या ब्रँडची किंमत खात्रीने सांगता येत नाही. परिणाम मात्र असा होतो की नफा कमी पडला की पहिली कात्री जाहिरातीवर चालते, कारण त्या वर्षीच्या कागदावर कात्रीचा फक्त फायदा दिसतो.

नावाची किंमत कधीकधी खपात दिसत नाही, भावात दिसते. निरमा स्वस्तात घराघरांत पोचली, तेव्हा सर्फने भाव तिच्याइतका खाली न आणता ललिताजी या चोखंदळ गृहिणीच्या जाहिरातींतून स्वस्त आणि किफायतशीर यांतला फरक गृहिणींपुढे मांडला. अशा जाहिरातीचे यश ‘खप किती वाढला’ या मापाने मोजले तर चुकीचे उत्तर येते. भाव टिकवून किती गिऱ्हाईक राहिले, हे तिचे माप आहे. म्हणून सवलतीशिवाय पूर्ण भावात किती माल खपतो, आणि भाव पाच टक्क्यांनी वाढवला तर खप किती घटतो, हे दोन आकडे दर तिमाहीला लिहून ठेवावेत. त्यांना महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, बिले लागतात.

भाजणीच्या कंपनीकडे परत येऊ. मालकाला द्यायचे प्रामाणिक उत्तर एका आकड्याचे नाही. ‘जाहिरातीने चार लाखांची जादा विक्री झाली असावी, पण ती अडीच ते साडेपाच लाखांत कुठेही असू शकते, आणि पैसे वसूल होणे न होणे साडेनऊशे घरे टिकतात का यावर आहे’, असे ते उत्तर हवे. पुढच्या दिवाळीसाठी गणपतीच्या आधीच चिठ्ठ्या टाकून जाहिरात न करायचे तालुके ठरवावेत. किती फरक पडला तर बजेट वाढवायचे आणि किती पडला तर थांबवायचे, हेही त्याच दिवशी कागदावर लिहावे, त्यावर मार्केटिंग, विक्री आणि हिशेब या तिन्ही विभागांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कागद हिशेब विभागाकडे ठेवावा. निकाल आल्यावर तो कागद उघडायचा आणि मगच बैठक घ्यायची.